कराटेचा उत्साह आटतो तेव्हा काय करायचं

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या मालवणकडच्या कुठल्याही कराटे क्लासमध्ये डोकावून बघा, हॉलमध्ये उभं राहायला जागा नसते. नवे कोरे पांढरे ड्रेस, त्यांच्या दुकानातल्या घड्यासुद्धा मोडलेल्या नसतात, आणि मागे भिंतीला टेकून आईबाबा मोबाइल वर धरून उभे. गणपती आले की निम्मी पोरं गळतात. दिवाळीनंतर जी दिसतात त्यातली बरीचशी वर्षभर टिकतात, मग दहावीला मोठी गळती, बारावीनंतर त्याहून मोठी, आणि सगळ्यात विचित्र गळती ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर, म्हणजे ज्यासाठी इतकी वर्षं घाम गाळला ते हातात आलं आणि माणूस गायब.

मी शाळेत असल्यापासून करतोय, आता सरांच्या हाताखाली छोट्यांची बॅचही घेतो, आणि पालक काय, पोरं काय, सगळे एकच विचारतात की मोटिव्हेशन टिकवायचं कसं. माझं सरळ मत आहे की ते टिकवायच्या भानगडीत पडूच नका. पहिल्या दिवशी तुम्ही ज्या कारणाने आलात ते कारण जाणारच आहे, कधी सहा महिन्यांत, कधी दोन वर्षांत. त्याच्या जागी दुसरं येतं, पहिल्यापेक्षा चांगलं असतं, पण ते लगेच येत नाही, मधे काही महिने असे जातात की आपण इथे का येतोय हेच कळत नाही. त्या मधल्या काळात पाय क्लासकडे वळत राहतील अशी सोय लावून ठेवायची, एवढंच शिकण्यासारखं आहे आणि तेच खाली लिहितोय. मी शोटोकान ही कराटेची शैली करतो म्हणून उदाहरणं तिथली, पण जुडो, तायक्वांदो, लाठीकाठी काहीही करत असाल तरी फार फरक पडू नये.

सुरुवातीचे महिने

या काळात कारण उसनं असतं. आईने घातलं, शेजारचा जातो म्हणून, पिक्चर बघून, वर्गात कोणीतरी मारतं म्हणून. काही बिघडत नाही, उसन्या कारणावर सहा महिने आरामात निघतात. फक्त रोज घरी आल्यावर पोराला "आवडतंय का, आवडतंय का" विचारू नका, आठ वर्षांच्या मुलाचं उत्तर त्या दिवशी काय खाल्लं यावर अवलंबून असतं. वार ठरवा, सोमवार-बुधवार-शुक्रवार असतील तर त्या दिवशी जायचं, पाऊस असो की पाहुणे असोत. मोठ्या माणसांनी सुद्धा हेच करावं, सुरुवातीला "आज मूड आहे का" हा प्रश्न स्वतःला विचारायचाच नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. पहिल्या काही आठवड्यांत अंगात एकदम ताकद आल्यासारखी वाटते, ती खरी असते पण ती स्नायू वाढल्याची नसते, मेंदू आणि मज्जातंतू ती हालचाल नीट जुळवायला शिकतात त्याची असते. स्नायू भरायला त्याहून वेळ लागतो, आणि सांध्यांभोवतीचे लिगामेंट-टेंडन सगळ्यात मागे असतात. म्हणून उत्साही माणूस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हमखास गुडघा किंवा नडगी धरून बसतो. हवेत पंच मारताना कोपर खाडकन शेवटपर्यंत ताणून लॉक करू नका, किंचित राखून थांबवा. पुढचा गुडघा वाकवून उभं राहायच्या स्टान्समध्ये, म्हणजे झेनकुत्सु-दाचीत, पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच असला पाहिजे, आत पडला तर तिथेच थांबून नीट करा, मग पुढचं पाऊल. पहिल्या वर्षात याहून जास्त टेक्निक कोणी शिकवत असेल तर ते दिखाव्याचं आहे असं समजायला हरकत नाही.

ड्रेसचं सांगून टाकतो कारण आपल्याकडे गळतीचं ते पण एक कारण आहे, हसू नका. कॉटनचा गी, म्हणजे हाच कराटेचा ड्रेस, पहिल्या धुण्यात आटतो, एक नंबर मोठा घ्या. आणि कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर जाड कॉटन वाळतच नाही, ओला गी घडी घालून बॅगेत ठेवला की दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके आणि असा वास की पोर घालायलाच नको म्हणतं, आणि मग "आज नको जाऊया". दोन जोड ठेवा, दुसरा साधा स्वस्तातला असला तरी चालेल, आणि रात्रभर पंख्याखाली दोरी बांधून वाळवा. बेल्ट धुवायचा नाही म्हणे, ज्ञान निघून जातं. धुवा. ज्ञान बेल्टमध्ये नसतं, घाम मात्र असतो.

रंगीत बेल्टचे दिवस

मग बेल्टची नशा चढते. पिवळा मिळाला, आता केशरी, मग हिरवा. घरी आजोबा सुद्धा विचारायला लागतात, "काय रे झिला, काळो पट्टो कधी गावतलो?" आणि पोरगं भिंतीवरच्या कॅलेंडरवर ग्रेडिंगची, म्हणजे बेल्टच्या परीक्षेची, तारीख गोल करून ठेवतं. काही लोक यावर नाक मुरडतात, खरी कला बेल्टमध्ये नाही वगैरे. पण बेल्ट मुळात शिकवणाऱ्यांनीच सोयीसाठी आणलेली गोष्ट आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान काढून जुडो सुरू केलं, क्यू (ब्लॅक बेल्टच्या आधीच्या) आणि दान (ब्लॅक बेल्टपासून पुढच्या) पायऱ्या त्यांनी बसवल्या, कराटेत त्या तिथून आल्या. शोटोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरून तोक्योला कराटे दाखवायला गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी पहिल्यांदा कराटेचे दान दिले. पांढरा आणि काळा यांच्या मधले हे इतके सगळे रंग तर पुढे, जुडो युरोपात पोचल्यावर रुजले. तेव्हा बेल्टसाठी पोरगं क्लासला येतंय तर येऊ द्या, त्यात पाप काही नाही.

फक्त धोका एक आहे. बेल्टसाठी शिकणारा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, पाठ करतो आणि परीक्षा झाली की सोडून देतो. हिरव्या बेल्टवाल्याला हेइआन शोदान, म्हणजे अगदी पहिला काता, करायला सांगा, मधेच अडकतो आणि हसतो, "सर ते जुनं झालं". यावर उपाय साधा आहे, प्रॅक्टिस कुठलीही असो, सुरुवात पहिल्या कातापासून करायची, आयुष्यभर. आणि तो नुसता करायचा नाही, दर वर्षी त्यात काय नवीन दिसतं ते बघायचं.

उदाहरण देतो, म्हणजे समजणं कसं बदलतं ते कळेल. हेइआन शोदानची पहिली हालचाल, डावीकडे वळून गेदान-बाराई, म्हणजे खालचा ब्लॉक, हात कानापासून खाली गुडघ्यावर. व्हाइट बेल्टला सांगतात की खालून लाथ येतेय, अडव. त्याला तेवढं पुरतं. वर्ष-दीड वर्षाने त्याला कळायला लागतं की हात उशिरा येतोय की कंबर उशिरा येतेय, मागची टाच उचलली की सगळा जोर हवेत जातो. ब्राउन बेल्टला येईस्तोवर त्याचं लक्ष दुसऱ्या हाताकडे जातं, जो कमरेला ओढला जातो, हिकिते म्हणतात तो, आणि प्रश्न पडतो की हा हात रिकामा कशाला ओढायचा, कोणाचं तरी मनगट त्यात असलं पाहिजे ना. आणि आणखी पुढे गेल्यावर दिसतं की मुख्य झटका द्यायच्या आधी दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवरून जातात, ती "तयारी" म्हणून शिकवलेली हालचालच बऱ्याचदा खरं काम करते, पकडलेला हात सोडवायचं किंवा समोरच्याचा हात दाबून धरायचं. हालचाल तीच, एका इंचाचा फरक नाही.

याच कातात चौथी हालचाल आहे, पाय मागे ओढून हात गोल फिरवून वरून मुठीचा घाव. मनगट धरलेल्या माणसाकडून हात सोडवून घ्यायचा आणि त्याच हाताने मारायचं, हे इतकं उघड दिसतं की लहान मुलालाही एकदा मित्राने मनगट धरून करायला लावलं की त्याचे डोळे मोठे होतात. मी छोट्यांच्या बॅचमध्ये हे मुद्दाम लवकर दाखवतो. कारण एकदा पोराला कळलं की कातात काहीतरी लपलेलं आहे, की बेल्टशिवायही यायला एक कारण मिळतं. ते कारण लगेच पेटत नाही पण बीजं पडतात.

बाय द वे, हे हेइआन काता आंको इतोसू यांनी शाळेतल्या मुलांसाठी बसवले, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांत कराटे आणलं तेव्हा, तिथे त्यांना पिनान म्हणतात. फुनाकोशी स्वतः शाळामास्तर होते. म्हणजे शाळेच्या हॉलमध्ये, बाकं बाजूला सरकवून, पोरांना ओळीत उभं करून शिकवणं ही आपल्याकडे झालेली तडजोड वगैरे नाही, सुरुवातीपासून असंच आहे.

या टप्प्यावर वही सुरू करा. घरी जाऊन तीन ओळी लिहायच्या, आज सरांनी काय सुधारलं, काय जमलं नाही, काय प्रश्न पडला. फोनवर लिहिलं तरी चालेल पण वही बरी, कारण फोन उघडला की दुसरंच काहीतरी सुरू होतं. सहा महिन्यांनी मागची पानं वाचायची. "गुडघा आत जातो" हे वाक्य किती वेळा आलंय ते बघून लाज वाटते आणि एक दिवस ते वाक्य येणं बंद झालेलं दिसतं, हे दुसऱ्या कोणाच्या शाबासकीपेक्षा जास्त काम करतं.

कुमिते आणि हरणं

साधारण बारा-तेराव्या वर्षी पोरांना मारामारी पाहिजे असते, काता बोर होतो, कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, म्हटलं की बॅच फुल. चांगलं आहे, तो काळ वापरून घ्या. ज्यांना स्पर्धेतच रस आहे त्यांनी एक गोष्ट डोळे उघडे ठेवून समजून घ्यावी, कराटे ऑलिंपिकमध्ये आलं ते तोक्योला, २०२१ मध्ये, आणि पॅरिस २०२४ ला ते नव्हतं. म्हणजे मेडलचा रस्ता अरुंद आहे. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, जा जरूर, पण त्या एकाच खुंटीवर सगळं टांगून ठेवलं तर एक मोठा पराभव झाला की ड्रेस कपाटात जातो. आणि ज्या स्पर्धेत फी भरणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी मेडल मिळतंच तिथलं मेडल भिंतीवर लावा हवं तर, पण त्यावरून आपण कुठे आहोत हे ठरवू नका.

हरल्यावर काय करायचं ते सांगतो. त्याच दिवशी व्हिडिओ बघू नका, दोन दिवसांनी बघा. आणि फक्त एकच शोधा, पॉइंट गेला तेव्हा तुमचे पाय कुठे होते. हात हळू पडला म्हणून पॉइंट जातो असं वाटतं पण बहुतेक वेळा अंतर चुकलेलं असतं, समोरच्याचा ग्याकू-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा पंच, पोचेल अशा जागी आपण आरामात उभे असतो. यावर ड्रिल असं, पार्टनरने हळूहळू चेहऱ्याच्या दिशेने पंच टाकायचे, तुम्ही ब्लॉक करायचा नाही, काही मारायचं नाही, फक्त डोळे उघडे ठेवायचे आणि अर्धं पाऊल मागे सरकायचं, त्याची मूठ नाकापासून चार बोटांवर थांबली पाहिजे. पहिले काही दिवस पापण्या मिटतातच. मिटायच्या थांबल्या की भीतीचं स्वरूपच बदलतं, माणूस वर्गातल्या दादागिरी करणाऱ्यासमोरही वेगळा उभा राहतो, आणि गंमत म्हणजे मग मारामारी करायची फारशी इच्छाच राहत नाही. ज्या कारणासाठी आला होता ते कारण इथे गळून पडतं आणि पोरगं म्हणतं, आता मी का येऊ. पालकांनी इथे घाबरू नये.

ब्राउन बेल्ट, दहावी-बारावी आणि मुंबई

हा सगळ्यात कोरडा पट्टा. प्रगती दिसत नाही. आधी दर काही महिन्यांनी रंग बदलायचा, आता एका रंगात वर्ष-दोन वर्षं. सर पण जास्त काही बोलत नाहीत, लहान मुलांनाच वेळ देतात असं वाटतं. त्यात दहावी. घरचे म्हणतात यंदा बंद, परीक्षा झाली की परत सुरू कर.

परीक्षा झाल्यावर परत येणारे मी फार थोडे पाहिलेत. म्हणून माझा आग्रह असतो की बंद करू नका, कमी करा. तीन दिवसांचा एक दिवस करा, तो एक दिवस मात्र जायचंच. उरलेले दिवस घरी पंधरा मिनिटं, खळ्यात, पडवीत, जिथे जागा असेल तिथे. त्यात काय करायचं तेही ठरलेलं हवं, नाहीतर विचार करण्यातच पंधरा मिनिटं जातात: थोडं वॉर्मअप, मग एकच काता तीन वेळा, पहिल्यांदा अगदी हळू, दुसऱ्यांदा जोरात, तिसऱ्यांदा डोळे मिटून, आणि शेवटी किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या स्टान्समध्ये, बसून मांड्या थरथरेपर्यंत. झालं. अभ्यासाला उलट मदतच होते, हे मी दहावीच्या पोरांच्या आयांकडूनच ऐकतो.

बारावीनंतर मुंबई किंवा पुणे. कोकणातल्या प्रत्येक क्लासची ही कहाणी आहे, चांगली तयार झालेली पोरं कोकण रेल्वेत बसून जातात. तिथे खोलीत चार जण, झोपायला जागा नाही तर काता कुठे करणार. त्यांच्यासाठी टेक्की शोदान आहे. तो पूर्ण काता एका सरळ रेषेत, आडवा, डावीकडे-उजवीकडे होतो, पुढे-मागे पाऊलच नाही. चाळीची गॅलरी पुरते, गच्चीचा कोपरा पुरतो. आणि त्याला किरकोळ समजू नका, फुनाकोशींनी स्वतः लिहून ठेवलंय की तीन टेक्की शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. मुंबईत लगेच दुसरा क्लास शोधायची घाई करू नका, आधी नोकरी-कॉलेजचं गणित बसू द्या, पण सहा महिन्यांच्या आत शोधा. शैली वेगळी मिळाली तरी चालेल. तिथे गेल्यावर "आमच्याकडे असं नाही शिकवत" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, एवढं पाळा.

आणि वर्षाचं वेळापत्रक कोकणाचं ठेवा, शहरातलं नको. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, रोज रात्री भजन, तेव्हा क्लासला जाणं होत नाही हे माहीतच आहे तर आधीच सुट्टी धरा. शिमग्याला पालखी दारात येणार, तेव्हाही नाही. एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या घरी कलमं आहेत ती पोरं आंबे काढणं, पेट्या भरणं यात अडकतात. हे सगळं मिळून वर्षातले दीड-दोन महिने जातात, जाऊ देत. ठरवून घेतलेल्या सुट्टीनंतर माणूस परत येतो, न ठरवता पडलेल्या खंडानंतर त्याला सरांसमोर जायची लाज वाटते आणि मग तो रस्ता बदलून बाजारात जातो. गावात सर कुठेतरी भेटतातच, किती रस्ते बदलणार.

काळा बेल्ट मिळाला, आता?

आता गोल करायला कॅलेंडरवर तारीख नाही. फोटो झाले, स्टेटस झालं, पेढे झाले, आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहा वाजता घरीच बसावंसं वाटतं. हे सगळ्यांना होतं. यासाठी ग्रेडिंगच्या आधीच सरांना सांगून ठेवा की ब्लॅक बेल्ट झाल्यावर मला छोट्यांची एक ओळ द्या. शिकवायला लागलात की तुमचं कारण बदलतं, आणि समजणं तर दुप्पट वेगाने वाढतं, कारण लहान मुलं प्रश्न विचारतात. सात वर्षांची मुलगी विचारते, "दादा, एक हात मारतो तर दुसरा कमरेवर का नेऊन ठेवायचा? तोंडासमोर का नाही ठेवायचा?" इतका बरोबर प्रश्न मोठी माणसं वर्षानुवर्षं विचारत नाहीत. "तसंच असतं" हे उत्तर देऊ नका. त्याच वेळी पार्टनर घ्या, तिच्यासमोर त्याचं मनगट धरून कमरेकडे ओढा, तो पुढे झुकला की दुसऱ्या हाताने पंच, आणि तिलाच करायला लावा. आणि हेही सांगा की हातात काही पकडलेलं नसेल तर मात्र तोंडासमोरच ठेव, तुझं बरोबर आहे.

दुसरं, उलटं करायला शिका. सगळे काता आरशात दिसतात तसे, डावीकडचं उजवीकडे. डोकं बधिर होतं आणि आपण परत व्हाइट बेल्ट होतो, ते फार चांगलं आहे. तिसरं, दुसरीकडे जाऊन मार खा. जुडोवाल्यांच्या मॅटवर जा, बॉक्सिंगवाल्याबरोबर दोन राउंड करा, घाटावर कोल्हापूरला नातेवाईक असतील तर मर्दानी खेळाचा आखाडा बघून या, लाठी फिरवणाऱ्याचे पाय बघा, हात नको. आपल्या कलेत काय कमी आहे ते कळलं की जे आहे त्याबद्दलचा आदर खरा होतो.

कंबरेचं तर मालवणच्या किनाऱ्यावर फुकट शिकायला मिळतं. रापण ओढताना बघितलीय ना, होडीने जाळं अर्धगोल टाकून दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि मग दोन्हीकडे माणसं दोर ओढत मागे मागे येतात. त्यातले साठीचे आजोबा बघा आणि हौसेने हात लावणारा पर्यटक बघा. पर्यटक दंडाने ओढतो, दोन मिनिटांत लाल. आजोबांचे हात नुसते दोराला अडकवलेले असतात, टाच वाळूत रुतते, कंबर मागे बसते आणि दोर येतो. सर ज्याला "हात विसर, हिप वापर" म्हणून ओरडत असतात ते हेच. एकदा विचारून त्यांच्यात दोर ओढायला उभे राहा, दुसऱ्या दिवशी तुमचा हिकिते वेगळा असेल.

पस्तिशीनंतर

इथे कारणं एकदम साधी होतात. शुगर, पाठदुखी, झोप लागत नाही, दिवसभर ऑफिसमध्ये डोकं फिरलेलं असतं आणि हॉलमध्ये तासभर कोणी फोन करत नाही. याला कमी समजू नका. आमच्याकडे मुलांना सोडायला येणाऱ्या आयांपैकी एक जण सरळ सरांना म्हणाली, "पोराक घेवन येतंयच, मगे नुसती बसान काय करू?" आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक पँट घालून मागच्या ओळीत उभी राहिली. आता त्यांची चार-पाच जणींची ओळ झालीय आणि किआई, म्हणजे घाव घालतानाची आरोळी, सगळ्यात मोठी त्यांचीच असते. तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कातात सुवर्णपदक जिंकलेली स्पेनची सांद्रा सांचेझ तेव्हा ३९ वर्षांची होती, तेव्हा वय झालं वगैरे जरा जपून बोला.

पण शरीराचं ऐका. वॉर्मअप पूर्ण पंधरा मिनिटं. स्टान्स थोडा आखूड आणि उंच घेतला तरी चालतो. लाथ पोटापर्यंत, डोक्यापर्यंत कशाला. सिमेंटवर किंवा जांभ्याच्या लाद्यांवर उड्या मारू नका. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, जोर असं काहीतरी ताकदीचं करा, गुडघे त्यावरच टिकतात. आणि सोळा वर्षांच्या पोराशी स्पीडमध्ये स्पर्धा करू नका, तो हलायच्या आधी कुठे बघतो, खांदा कधी उचलतो ते बघत राहा, या वयात ते दिसायला लागतं आणि मजा तिथेच आहे.

वाळूवर प्रॅक्टिस करायची असेल तर भरती-ओहोटी बघून जा. कोरड्या मऊ वाळूत पाय मुरगळतो आणि पोटऱ्या भरतात, पाणी नुकतंच उतरलेली ओली कडक वाळू हवी. आपल्याकडचा हिशेब सोपा आहे, तिथीला पाऊण तासाने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला किनारा लांबपर्यंत उघडा असतो, तेव्हा जा. अष्टमीच्या आसपास नेमकी सहाला भरती, भांगाची, म्हणजे लहान भरती, असल्यामुळे पाणी फार वर चढत नाही तरी कडक वाळूचा पट्टा अरुंद होतो. पावसाळ्यात उधाण असताना किनाऱ्यावर जाऊच नका, कातापेक्षा जीव मोठा.

सर बदलायचे की आपण

कधीकधी उत्साह जातो त्याचं कारण तुम्ही नसता, क्लास असतो. ठरावीक महिन्यांत ब्लॅक बेल्टची गॅरंटी, परीक्षेची फी आयत्या वेळी कळणं, प्रश्न विचारलेला न आवडणं, शिस्तीच्या नावाखाली पोरांना मारणं, यातलं काही असेल तर मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघत बसू नका, क्लास बदला. पण फक्त "सर माझ्याकडे बघत नाहीत" एवढंच असेल तर थांबा. ब्राउन बेल्टनंतर चांगला शिक्षक मुद्दाम गप्प होतो, तुमचं तुम्ही शोधावं म्हणून. हे तपासायला सोपं आहे, वहीतला एक नेमका प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जा. "माझं चांगलं होत नाही" असं मोघम नको, "तिसऱ्या आगे-उकेला (वरच्या ब्लॉकला) माझी मागची टाच उचलते, काय करू" असं विचारा. अर्धा तास गेला तर सर चांगले आहेत.

परत येणाऱ्यांसाठी

खूप जण हे वाचताना मनात म्हणत असतील की माझं सुटून वर्षं झाली. या परत. बेल्ट जो मिळवलाय तोच बांधून या, पांढरा बांधून यायचं नाटक नको, पण पहिला महिना ओळीत मागे उभे राहा, पुढच्या पोरांचं बघून आठवतं. पहिले दोन-तीन आठवडे स्पॅरिंग नाही, उड्या नाहीत, कारण मेंदूला सगळं आठवत असतं आणि टेंडनला काहीच नाही, दुखापती तिथेच होतात. हेइआन शोदानपासून सुरुवात करा, अडकलात तर शेजारच्या पिवळ्या बेल्टवाल्याला विचारा, तो खूश होऊन सांगेल. सरांना आधी फोन करायची पण गरज नाही, वेळ बहुतेक तीच असते, संध्याकाळी सहा. फी मात्र विचारून घ्या, वाढली असणार.